अर्जदार खोलीत नसताना : वैद्यकीय प्रवेशाचा निर्णय कशावर ठरतो

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलीचे पदवीचे गुण उत्तम आहेत, प्रवेशपरीक्षेचा निकालही चांगला लागला आहे आणि आता ती अशा वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करणार आहे, जिथे गुणांबरोबरच ‘मला डॉक्टर का व्हायचे आहे’ हे सांगणारे लेखी निवेदन, शिफारसपत्रे, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांचाही विचार होतो. या सगळ्यांत प्रवेश समिती सर्वाधिक महत्त्व कशाला देते, आणि हाताशी असलेल्या वर्षभरात मुलीने आपला वेळ कशावर खर्च करावा?

वैद्यकीय शिक्षक म्हणून काम करताना मी सतरा वर्षे प्रवेश समितीवर होतो. सुरुवातीला छाननी केली, मग बरीच वर्षे मुलाखती घेतल्या आणि शेवटी अंतिम निर्णयाच्या बैठकांना बसलो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, छाननीच्या टप्प्यावर आकड्यांना महत्त्व असते. परंतु अंतिम बैठकीत सर्वांत जास्त वजन पडते ते तुमची फाइल मांडणारा सदस्य तुमच्या बाजूने पुराव्यासह जी दोन-तीन वाक्ये बोलू शकतो, त्यांचे. निर्णय होतो तेव्हा अर्जदार त्या खोलीत नसतो. त्याने लिहिलेले पानभर निवेदन त्या क्षणी कुणी वाचत नसते. दुसरा कुणीतरी त्याच्याविषयी बोलत असतो, आणि त्या दुसऱ्याच्या हाती आपण काय दिले आहे, हाच खरा प्रश्न असतो.

हे उत्तर सगळीकडे लागू नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. भारतात एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवर आणि त्यातून तयार होणाऱ्या क्रमांकावर ठरतो, तिथे समिती नाही, मुलाखत नाही आणि निवेदनही नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अनेक दशके स्वतःची, मुलाखती आणि प्रत्यक्ष चाचण्या असलेली निवडपद्धती चालवली होती आणि ती सोडावी लागू नये म्हणून २०१७ साली एमबीबीएसला केवळ एकच प्रवेश दिला. पण आज तिथेही पायाभूत निकष ‘नीट’ हाच आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत मात्र शेवटचा शब्द बव्हंशी माणसांचा असतो, आणि पुढचे विवेचन त्या पद्धतीविषयी आहे.

आधी आकड्यांविषयी. समिती गुण मागते त्यामागे हुशारीचे कौतुक फारसे नसते. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, ही भीती असते. १९२०च्या दशकात अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांतून विद्यार्थी मध्येच गळण्याचे प्रमाण कुठे ५ टक्के तर कुठे ५० टक्क्यांपर्यंत होते. त्यावर उपाय म्हणून १९२८ साली पहिली सामाईक वैद्यकीय अभियोग्यता चाचणी तयार झाली, आणि १९४६पर्यंत गळतीचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांवर आले. आजची एमकॅट, म्हणजे अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा, ही त्याच चाचणीची वंशज आहे. तिचे काम तेव्हाही तळाकडची छाननी करण्याचे होते आणि आजही मुख्यतः तेच आहे. उंबरठ्याच्या खूप खाली असलेला अर्जदार अभ्यासक्रमात बुडेल की काय, एवढे ती बऱ्यापैकी सांगते. उंबरठ्याच्या बऱ्याच वर असलेल्या दोघांपैकी चांगला डॉक्टर कोण होईल, हे सांगण्याची तिची कुवत फार थोडी आहे.

अमेरिकेतील २०२३-२४च्या प्रवेशवर्षाचे आकडे पाहिले की हे समजते. सुमारे ५२,५०० अर्जदारांपैकी सुमारे २३,००० जणांना एमडी अभ्यासक्रमात (तिथली ही पहिली वैद्यकीय पदवी) प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांची एमकॅटची सरासरी ५११.७ होती, म्हणजे ४७२ ते ५२८ या पट्टीवर बरीच वर. सर्व अर्जदारांची सरासरी ५०६च्या आसपास होती. पदवीच्या गुणांची सरासरी ४पैकी अनुक्रमे ३.७७ आणि ३.६४. फरक आहे, पण तो दरीएवढा नाही. पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला, म्हणजे ३.८०च्या आसपास किंवा त्याहून अधिक पदवीचे गुण आणि ५१८च्या आसपास किंवा वर एमकॅट असलेल्यांमध्येदेखील साधारण पाच-सहा जणांत एकाला कुठल्याच महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. या अर्जदारांना गुणांनी नाकारलेले नसते. त्यांच्या फाइलमध्ये दुसरे काही कमी असते किंवा, त्याहून वाईट, नको ते काही असते.

गुणपत्रिका वाचताना समिती बेरजेपेक्षा आलेखाकडे बघते. पहिल्या वर्षी घसरलेला आणि त्यानंतर सलग चार सत्रे चढत गेलेला विद्यार्थी सपाट चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्याइतकाच, कधी त्याहून अधिक, विश्वास निर्माण करतो. कारण पडल्यावर त्याने काय केले ते कागदावर दिसते. अवघड विषय एकाच सत्रात घेतले की एकेक करून उन्हाळी वर्गांत उरकले, हेही दिसते. प्रवेशपरीक्षा तीन-चार वेळा दिली असेल आणि आकडा जागचा हलला नसेल, तर छाननी करणारा त्यातून असा अर्थ काढतो की या व्यक्तीला आपल्या अभ्यासाची पद्धत बदलता येत नाही. तो अर्थ कधीकधी अन्यायाचा असतो. तरी तो काढला जातो.

आता त्या खोलीत जाऊ. अंतिम बैठकीत बारा-पंधरा सदस्य असतात. प्राध्यापक, प्रत्यक्ष रुग्णसेवा करणारे डॉक्टर, एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी, काही ठिकाणी समाजातील एखादी वैद्यकेतर व्यक्ती. प्रत्येक फाइल एकाने, फार तर दोघांनी, मुळापासून वाचलेली असते. बाकीच्यांसमोर सारांशाचे पान असते. मांडणारा सदस्य तीन ते पाच मिनिटे बोलतो, एक-दोन प्रश्न विचारले जातात आणि मत नोंदवले जाते. दुपारी चारला चाळिसावी फाइल समोर आलेली असताना ‘हुशार, मेहनती, सेवाभावी, नेतृत्वगुण’ हे शब्द कुणाच्या कानात शिरत नाहीत, कारण आधीच्या एकोणचाळीस फाइलींतही तेच शब्द होते. कानात शिरते ती घटना.

दोन फाइली सांगतो. त्यांचे तपशील ओळखू येऊ नयेत इतपत बदलले आहेत. पहिल्या अर्जदाराचे गुण अप्रतिम होते आणि अनुभवांच्या यादीत चौदा नोंदी होत्या : दोन प्रयोगशाळा, तीन रुग्णालये, एका स्वयंसेवी संस्थेचे अध्यक्षपद, परदेशातील आठवडाभराचे आरोग्य शिबिर, वक्तृत्व, बासरी आणि आणखी बरेच. दुसरीचे गुण उंबरठ्याच्या थोडे वर होते आणि तिच्याकडे सांगण्यासारख्या नोंदी चारच होत्या. त्यांतली एक अशी की, तिने अडीच वर्षे आठवड्यातून दोन रात्री एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून पगारी काम केले होते. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे, चादरी बदलणे. तिथल्या परिचारिकेने दिलेले पत्र जेमतेम पाऊण पानाचे होते. त्यात लिहिले होते की, स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजोबांना संध्याकाळ झाली की घरी जायचे असे आणि ते दाराशी जाऊन धडपडत असत. सगळे त्यांना परत खुर्चीवर बसवत, ही मुलगी मात्र त्यांच्याबरोबर व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून ‘गाडी उशिरा आहे’ असे म्हणत त्यांना घेऊन येई, आणि पुढे बाकीचे कर्मचारीही तसेच करू लागले.

पहिली फाइल मांडणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने यादी वाचून दाखवली. ‘यांतले कुठले काम त्याला खरोखर आवडले असेल, असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नावर तो थांबला, पाने उलटली आणि प्रामाणिकपणे म्हणाला की, सांगता येत नाही. दुसरी फाइल मांडणाऱ्या बाईंनी व्हरांड्यातल्या त्या फेऱ्या सांगितल्या आणि एवढेच जोडले की, परिचारिका हे अडीच वर्षांच्या ओळखीतून लिहिते आहे. प्रश्न फारसे आले नाहीत. पहिला प्रतीक्षा यादीत गेला. त्याच्यात काही खोट होती असे मला आजही वाटत नाही. त्याच्या बाजूने बोलायला त्याने कुणाच्या हाती काही दिले नव्हते, इतकेच.

‘सातत्य’ हा शब्द मार्गदर्शन वर्गांत इतक्या वेळा उच्चारला जातो की तो गुळगुळीत झाला आहे. पण त्याचे कारण क्वचित सांगितले जाते. दीर्घकाळ एका ठिकाणी राहिल्याने दोन गोष्टी घडतात. एक, कंटाळवाण्या, घाणेरड्या, न दिसणाऱ्या कामाशी तुमची गाठ पडते आणि तरी तुम्ही परत येता की नाही, हे कळते. दोन, तुम्हाला बेसावध क्षणी पाहिलेला साक्षीदार तयार होतो. आठवडाभराच्या शिबिरात यांपैकी काहीच घडत नाही. अशा शिबिरांविषयी समित्यांना अलीकडे उत्साह तर नाहीच, उलट शंका असते : पात्रता नसताना या मुलाने तिथे नेमके काय केले, टाके घातले का, इंजेक्शने दिली का? ‘मला प्रसूती करायला मिळाली’ असे अभिमानाने लिहिणारे अर्जदार मी पाहिले आहेत. आपण काय लिहून बसलो आहोत, हे त्यांना ठाऊक नसते.

अमेरिकेच्या सामाईक अर्जात अनुभवांच्या १५ नोंदी करता येतात आणि त्यांपैकी ३ ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांविषयी अधिक लिहिता येते. पंधराही जागा भरल्याच पाहिजेत, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. नऊ खऱ्या नोंदींच्या फाइलीला सहा भरतीच्या नोंदी जोडल्या की वाचणाऱ्याला त्या सहाच लक्षात राहतात. तासांचे हिशेब तर फार जपून लिहावेत. एका अर्जात एकाच वर्षातील सर्व कामांचे तास जोडून पाहिले तेव्हा झोपेला जागा उरली नव्हती. पुढे त्या अर्जावर चर्चाच झाली नाही.

यातून प्रामाणिकपणाचा विषय निघतो आणि माझ्या मते तिथे समितीने दाखवलेली कठोरता रास्त आहे. २००५ साली अमेरिकेत एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या आणि पुढे राज्यांच्या वैद्यक मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांची विद्यार्थिदशेतील दप्तरे तपासली गेली आणि त्यांची तुलना कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांशी करण्यात आली. विद्यार्थी असताना व्यावसायिक वर्तनाबद्दल ज्यांच्याविषयी नोंदी झाल्या होत्या, त्यांच्यावर पुढे कारवाई होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. सर्वांत ठळक संबंध होता तो टोकाच्या बेजबाबदारपणाशी आणि चूक दाखवल्यावर स्वतःत सुधारणा करण्याची क्षमता नसण्याशी. प्रवेशपरीक्षेतले कमी गुण आणि पहिल्या दोन वर्षांतील खराब निकाल यांचाही संबंध दिसला, पण तो त्या मानाने क्षीण होता. या अभ्यासानंतर आमच्या बैठकांत ‘हा सांगितलेले ऐकतो का?’ हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक वेळा विचारला जाऊ लागला.

म्हणून फाइलमध्ये काही उणे असेल, एखाद्या विषयात नापास, एक वर्षाचा खंड, महाविद्यालयाने केलेली शिस्तीची कारवाई, तर ते दडवू नये आणि त्यावर वकिलीही करू नये. काय झाले, माझा वाटा काय होता, त्यानंतर मी काय बदलले, एवढे चार वाक्यांत लिहावे. समितीतील बहुतेकांनी आयुष्यात कधीतरी नापास होऊन पाहिलेले असते. त्यांना अपयश खटकत नाही. ‘प्राध्यापकांनी मला समजून घेतले नाही’ हे वाक्य खटकते.

शिफारसपत्रांविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. पत्र कुणाचे आहे याला पालक जेवढे महत्त्व देतात, त्याच्या दशांशानेही समिती देत नाही. मोठ्या विभागप्रमुखाचे ‘ही विद्यार्थिनी माझ्या वर्गातील पहिल्या दहा टक्क्यांत आहे’ असे तीन ओळींचे पत्र म्हणजे गुणपत्रिकेची पुनरुक्ती. कौटुंबिक ओळखीतल्या नामवंत डॉक्टरांचे पत्र त्याहून निरुपयोगी, कारण त्यात डॉक्टरांविषयीच अधिक माहिती असते. जो तुमच्याबरोबर काम करतो, ज्याने तुम्हाला चिडलेले, थकलेले, चुकलेले पाहिले आहे, त्याचे पत्र आणावे. अनुभवी वाचक पत्रातील मौनही वाचतो : हुशारीची वाखाणणी पानभर आणि सहकाऱ्यांशी वागणुकीविषयी एक शब्द नाही, हे निसटत नाही. पत्र मागताना ‘तुम्ही माझ्याविषयी ठामपणे चांगले लिहू शकाल का?’ असे स्पष्ट विचारावे आणि समोरची व्यक्ती घुटमळली, तर आभार मानून दुसरीकडे जावे.

निवेदनावर विद्यार्थी महिनोन्‌महिने घालवतात. माझ्या अनुभवात उत्कृष्ट निवेदनाने क्वचितच कुणाला तारले. वाईट निवेदनाने मात्र बऱ्याच जणांना बुडवले. आजीच्या आजारपणापासून सुरुवात केली म्हणून कुणी नाकारत नाही, पण तिथून डॉक्टर होण्याच्या इच्छेपर्यंतचा रस्ता लेखकाने खरोखर चालून पाहिला आहे का, हे बघितले जाते. नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक, संशोधक हे सगळेच लोकांना मदत करतात. मग डॉक्टरच का? याचे उत्तर देता न येणारी निवेदने फार आहेत. संशोधनाचे म्हणाल तर ते संशोधनप्रधान महाविद्यालयांत मोलाचे आणि इतरत्र स्वागतार्ह असते. आपण नेमका कोणता प्रश्न विचारला होता आणि उत्तर काय मिळाले, हे दोन मिनिटांत साध्या भाषेत सांगता आले नाही, तर शोधनिबंधावरचे आपले नाव उपयोगाचे नाही.

मुलाखत हा विषय मोठा आहे, आणि तिच्याविषयी आम्हा मुलाखत घेणाऱ्यांचा जो आत्मविश्वास असतो, त्याला तडा देणारी एक हकीगत इथे सांगितलीच पाहिजे. १९७९ साली ह्यूस्टनमधील टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने साधारण ८०० जणांच्या मुलाखती घेऊन त्यांची क्रमवारी लावली आणि वरच्या गटातून १५० जागा भरल्या. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने जागा वाढवून २०० करायला सांगितले. तोवर चांगल्या क्रमांकाचे अर्जदार इतरत्र गेले होते. उरले होते ते ७०० ते ८०० या क्रमांकांतले. त्यांतून ५० जण घेण्यात आले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली तेव्हा गळती, वर्गातील निकाल, रुग्णालयातील कामगिरी आणि पदवीनंतरचे पहिले वर्ष यांपैकी कशातच दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. समितीने तळाशी टाकलेले विद्यार्थी वरच्यांइतकेच चांगले निघाले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. मी मुलाखती घ्यायला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो माझ्या हातात ठेवला होता आणि एक शब्दही बोलला नव्हता.

मोकळ्याढाकळ्या मुलाखतीत मुलाखतकाराला आपल्यासारखा माणूस आवडतो. त्याचे नाव मग ‘प्रगल्भता’ असे पडते. त्यावरचा सर्वांत विचारपूर्वक उपाय कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात निघाला. एकाच पॅनेलसमोर तासभर बसवण्याऐवजी अर्जदाराला आठ-दहा छोट्या स्थानकांवरून फिरवायचे, प्रत्येक ठिकाणी सुमारे आठ मिनिटे, वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. या पद्धतीवरील मूळ निबंध २००४ साली आला. तिच्यामागचा विचार असा की, माणूस एका प्रसंगात कसा वागतो यावरून तो दुसऱ्यात कसा वागेल हे सांगता येत नाही. म्हणून एकाच परीक्षकाला अधिक वेळ देण्यापेक्षा अधिक परीक्षकांना थोडाथोडा वेळ देणे विश्वासार्ह ठरते. अशा मुलाखतींतून निवडले गेलेले विद्यार्थी पुढे राष्ट्रीय परवाना परीक्षेत सरस ठरले, असे २०१२ साली त्याच गटाने दाखवले. आज अनेक देशांत ही पद्धत रूढ आहे.

या स्थानकांवर काय तपासले जाते, याविषयी शिकवणी वर्ग बरेच चुकीचे सांगतात. नीतिशास्त्राची चार तत्त्वे घडाघडा म्हणणारा विद्यार्थी परीक्षकाला अर्ध्या मिनिटात ओळखू येतो. मी परीक्षक असताना एका स्थानकावर प्रसंग असा होता : तुमच्या हातून शेजाऱ्याच्या मांजरावर गाडी गेली आहे, त्यांना सांगा. शेजाऱ्याची भूमिका करणारी अभिनेत्री गप्प बसत असे. बहुतेक अर्जदार ती शांतता भरून काढत. माफी, कारणे, भरपाई, नवे मांजर. थोडेच जण गप्प राहू शकले. त्यांतल्या एकाने बऱ्याच वेळाने एवढेच विचारले, ‘त्याचे नाव काय होते?’ माझ्या गुणपत्रकावर त्याला त्या दिवशीचे सर्वाधिक गुण होते. याची तयारी पाठांतराने होत नाही; अनोळखी, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या माणसांशी दीर्घकाळ बोलत राहण्याने होते, आणि म्हणूनच वृद्धाश्रमातील रात्री मुलाखतीतही उपयोगी पडतात. ब्रिटनच्या यूकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत प्रसंगनिर्णयाचा एक स्वतंत्र भाग असतो आणि त्यात सर्वांत खालची, चौथी श्रेणी मिळालेल्यांचा अर्ज काही विद्यापीठे इतर गुण न पाहताच बाजूला ठेवतात.

महाविद्यालयाचे उद्दिष्ट हा घटक पालकांच्या विचारातून हमखास सुटतो. ‘समिती’ अशी एकच संस्था जगात नाही. फिलाडेल्फियातील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाने १९७४ साली डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांसाठी स्वतंत्र प्रवेश कार्यक्रम सुरू केला आणि ग्रामीण भागात वाढलेल्या, तिकडेच परतू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात घेतले. तेथील पदवीधर ग्रामीण भागात टिकून राहिल्याचे पुढच्या अनेक दशकांच्या पाहणीत दिसले. ऑस्ट्रेलियात ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी जागांचे उद्दिष्ट असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० आणि पुन्हा २०२१ साली अशा प्रवेशधोरणाची शिफारस केली. मॅकमास्टर एमकॅटच्या चार भागांपैकी केवळ वाचन-आकलनाचा भाग विचारात घेते. म्हणजे तीच फाइल एका ठिकाणी सामान्य आणि दुसऱ्या ठिकाणी नेमकी हवी तशी असू शकते. महाविद्यालयांची यादी नामांकनाच्या क्रमाने केली जाते, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक आहे. ब्रिटनमध्ये तर वैद्यकशास्त्रासाठी एका वर्षी चारच ठिकाणी अर्ज करता येतो. तिथे यादी चुकली की वर्ष गेले.

आणि काही गोष्टी अर्जदाराच्या हातात नसतात, हेही लपवू नये. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात पहिली छाननी करण्यासाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक संगणकप्रणाली तयार करण्यात आली. पूर्वीच्या मानवी परीक्षकांच्या निर्णयांशी तिचे निकाल ९० टक्क्यांहून अधिक जुळत होते, आणि तेच तिचे यश मानले गेले. १९८८ साली वंशसमानता आयोगाच्या चौकशीतून बाहेर आले की, ती स्त्रियांचे आणि युरोपीय न वाटणाऱ्या नावांचे गुण कमी करत होती. हा दुजाभाव प्रणालीने शोधून काढला नव्हता. माणसांचा जुना दुजाभाव तिने इमानेइतबारे शिकून घेतला होता. २०१८ साली टोकियो वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे परीक्षेतील गुण वर्षानुवर्षे कमी केल्याचे उघड झाले. नेदरलँड्सने या साऱ्याला वैतागून नव्हे, तर समान संधीच्या विचाराने, १९७०च्या दशकापासून गुणांनुसार भारित सोडतीने, म्हणजे अधिक गुणांना निवडीची अधिक संधी देणाऱ्या सोडतीने, जागा वाटल्या. पण १९९०च्या दशकात दहापैकी ९.६ सरासरीची एक विद्यार्थिनी तीनदा सोडतीत हरली आणि देशभर वाद झाला. मग ८ किंवा त्याहून अधिक सरासरीवाल्यांना थेट प्रवेश मिळू लागला, २०१७ साली सोडत बंद झाली आणि काही वर्षांतच कायद्याने तिची वाट पुन्हा मोकळी केली. डचांचे हे येणे-जाणे मला बोलके वाटते. गुणवत्ता यादीच्या मधल्या पट्ट्यातील शंभर जणांत खरा फरक करता येत नाही, हे त्यांनी उघड मान्य केले. आम्ही तोच पट्टा तीन दशांश स्थळांपर्यंत मोजून क्रम लावत होतो.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या पालकांना माझा सल्ला असा. मुलीला एका कागदावर अशा तीन व्यक्तींची नावे लिहू द्या, ज्यांना तिच्याविषयी एखादी ठोस घटना सांगता येईल. शिक्षकांपैकी एक चालेल, नातेवाईक आणि कौटुंबिक मित्र वगळावेत. तिन्ही नावे सहज सुचली, तर ती अर्ज करायला तयार आहे. उरलेले वर्ष महाविद्यालयांची यादी विचारपूर्वक करण्यात आणि मुलाखतीच्या सरावात घालवावे. कागद कोरा राहिला, तर कितीही गुण असले तरी तिने एखाद्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा अपंगांच्या शाळेत, जमल्यास पगारी आणि हलके समजले जाणारे, काम धरावे आणि अर्ज पुढच्या वर्षी करावा. घाईने अर्ज करून पाहू, नाहीतर पुढच्या वर्षी आहेच, असा विचार पुष्कळ घरांत होतो. पण नाकारलेली फाइल बऱ्याच महाविद्यालयांत जपून ठेवली जाते, आणि पुन्हा अर्ज येतो तेव्हा दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहणारा पहिला प्रश्न विचारतो की, या मधल्या काळात हिच्याविषयी नवीन असे आपल्याला काय कळले.